ट्रॉली जॅक घेताना : टन नंतर बघा, आधी उंची मोजा

घरच्या घरी गाडीचं काम करणाऱ्या वाचकांची या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं ट्रॉली जॅकबद्दलचीच आहेत. ट्रॉली जॅक म्हणजे चाकांवर सरकणारा, दांडा मारून गाडी उचलणारा हायड्रॉलिक जॅक. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. ‘मिमी’ म्हणजे मिलिमीटर. जॅकच्या खोक्यावर मापं त्यातच छापलेली असतात.

प्रश्न : घरात एक स्विफ्ट आणि एक क्रेटा आहे. टायर बदलणं, ब्रेक पॅड तपासणं, जमलं तर इंजिन ऑइल बदलणं एवढंच करायचं आहे. दुकानदार 3 टनाचाच घ्या म्हणतो. 2 टनाचा जॅक त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो आहे. गाड्या काही 2 टनांच्या नाहीत, मग 3 टन कशाला? (पुणे)

उत्तर : वजनाचा हिशोब तुमचा बरोबर आहे. स्विफ्ट रिकामी असताना साधारण 900 किलो, क्रेटा मॉडेलप्रमाणे 1,300 किलोच्या आगेमागे. शिवाय जॅक कधीच अख्खी गाडी उचलत नाही. पुढे इंजिन असलेल्या गाडीचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या चाकांवर असतो. म्हणजे क्रेटाची दोन्ही पुढची चाकं एकदम उचलली तरी जॅकवर 800 किलोच्या आसपास भार येतो, आणि एकच कोपरा उचलला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. 2 टनाचा जॅक हे आरामात पेलतो.

तरीही दुकानदाराचा सल्ला चुकीचा नाही. त्याचं कारण मात्र टन नव्हे, उंची. 2 टनाचे जे छोटे जॅक प्लास्टिकच्या पेटीत मिळतात, ते खाली 130-135 मिमीपासून सुरू होतात आणि वर 330-340 मिमीला संपतात. एवढ्यात तुमचं काम होतं का, ते टेप घेऊन बघायचं.

सपाट जागेवर गाडी उभी करा. दाराच्या खाली, पुढच्या चाकाच्या जरा मागे आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, पत्र्याची खाली आलेली उभी कड असते. तिच्यावर दोन खाचा असतात. त्या दोन खाचांमधला भाग म्हणजे जॅक लावायची जागा. तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. हॅचबॅकला ते 180 ते 200 मिमीच्या आसपास भरेल, क्रेटासारख्या गाडीला 220 ते 250. हे झालं सुरुवातीचं माप.

आता यात काय मिळवायचं? जॅक वर जायला लागला की चाक लगेच उचललं जात नाही. आधी स्प्रिंग सैल होतो, चाक खाली लोंबतं आणि बॉडी एकटीच वर येते. 80 ते 120 मिमी यातच जातात. त्यानंतर चाक जमिनीपासून सुटतं. पंक्चर चाक काढायला तेवढं पुरतं, पण हवा भरलेली स्टेपनी बसवायला आणखी 30-40 मिमी लागतात, कारण भरलेल्या टायरचा खालचा भाग दबलेला नसतो. बेरीज करा : स्विफ्टला 190 अधिक 100 अधिक 40, म्हणजे 330. छोटा जॅक इथेच टेकीला येतो. क्रेटाला 235 अधिक 110 अधिक 40, म्हणजे 385. छोट्या जॅकने क्रेटाचं चाक कदाचित जमिनीपासून सुटेल, पण नवं चाक आत जाणार नाही, आणि मग लोक जॅकखाली विटा रचतात.

दोन्ही गाड्यांसाठी एकच जॅक हवा असेल तर वरची उंची किमान 450 मिमी असलेला, लांब सांगाड्याचा, अडीच किंवा 3 टनाचा घ्या. त्याचा दांडा जवळपास मीटरभर लांब असतो, त्यामुळे उकिडवं न बसता जोर लावता येतो, आणि दर हबक्याला गाडी जास्त वर येते. याची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. छोटा जॅक 8-10 किलोचा असतो, हा 30 किलोच्या पुढे जातो. तुम्ही बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि खाली ठेवायला जागा नसेल, तर हा जॅक वर्षभर जिथल्या तिथे पडून राहील.

आणखी एक माप राहिलं : पंक्चर गाडीचं. 185/65 टायरची साइडवॉल 120 मिमी उंच असते. हवा पूर्ण गेली की रिम जवळपास जमिनीला टेकते आणि त्या कोपऱ्यातली कडही खाली येते. मग 135 मिमीचा जॅक आत सरकेलच असं नाही, आणि वाटीवर, म्हणजे जॅकच्या गाडीला टेकणाऱ्या वरच्या भागावर, 25 मिमीचा रबर ठेवला असेल तर नाहीच. म्हणून खालची उंची रबरासकट धरायची. आत जात नसेल तर त्या चाकात हवा भरायचा पंप आधी लावून बघा. बऱ्याच पंक्चरमध्ये गाडी वर यायला लागते तेवढी पाच मिनिटं हवा टिकते.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत. पुढचं चाक उचलताना जॅक तिरका झाला आणि दाराखालची कड मुडपली. हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता. चूक कुठे झाली? जॅकच खराब आहे का? (नवी मुंबई)

उत्तर : जॅक बहुधा ठीक आहे. ट्रॉली जॅकला चाकं ही इकडून तिकडे नेण्यासाठी दिली आहेत असा समज असतो. खरं तर गाडी उचलत असतानाच त्यांची गरज जास्त. जॅकचा हात मागच्या बाजूला बिजागरीवर फिरतो, त्यामुळे वरची वाटी सरळ वर न जाता कमानीत जाते, म्हणजे वर जाता जाता दांड्याच्या दिशेने मागे येते. गाडी जागेवर उभी आणि वाटी मागे येणार, म्हणजे फरक भरून काढायला जॅकने स्वतः गाडीखाली काही सेंटिमीटर सरकायला हवं. कोब्यावर किंवा गुळगुळीत काँक्रीटवर तो आपोआप सरकतो, कळतही नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक अडकलं, किंवा मे महिन्याच्या उन्हात डांबरात रुतलं, की सरकणं बंद. हँडब्रेकमुळे गाडीही पुढे येत नाही. मग वाटी कडेवरून घसरते किंवा जॅक एका अंगावर कलतो. तुमच्याकडे हेच झालं असावं.

उपाय : 18 किंवा 19 मिमी जाडीचा प्लायवुडचा तुकडा, साधारण 60 बाय 90 सेंटिमीटर. लांब बाजू जॅकच्या सरकण्याच्या दिशेने ठेवायची आणि जॅकच्या चारही चाकांना त्या फळीवर मागे-पुढे जागा राहील असं बघायचं. पत्र्याचा तुकडा घालू नका, फरशीवर तोच घसरतो. शहाबादी किंवा चेकर्ड टाइल असेल तर फळी हवीच, नाहीतर जॅकच्या लोखंडी चाकाखाली टाइल तडकते आणि सोसायटीच्या मीटिंगला वेगळा विषय मिळतो. उतारावर, अगदी बेसमेंटच्या हलक्या ढाळावरही, जॅक लावू नका.

जमिनीवर राहणारी चाकं अडवणं हेही जागेप्रमाणे बदलतं. हँडब्रेक मागची चाकं धरतो. गिअर, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, पुढची चाकं धरतो. म्हणून पुढचा भाग उचलला की गिअरचा उपयोग संपतो आणि सगळी मदार हँडब्रेकवर येते. मागचा भाग उचलला की उलटं : हँडब्रेक हवेत लटकलेल्या चाकांना धरून बसतो आणि गाडी फक्त गिअरवर उभी असते. तेव्हा मागे उचलताना पहिला गिअर, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’, आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर. पुढे उचलताना पूर्ण हँडब्रेक आणि मागच्या चाकांना पाचर. गोल दगड पाचरीचं काम करत नाही, चाकाबरोबर तोही फिरतो.

मुडपलेल्या कडेबद्दल : नव्या जॅकची वाटी लोखंडी आणि दातेरी असते. सगळा भार त्या पातळ उभ्या कडेवर आला की कड मुडपणारच. मधोमध खाच असलेला रबराचा ठोकळा घ्या. कडेची खोली मोजून खाच तेवढी किंवा किंचित जास्त खोल हवी, म्हणजे कड खाचेत जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंचा जाड पत्रा रबरावर टेकतो. मुडपलेला भाग प्लायरने हळूहळू सरळ करून तिथे अँटीरस्ट प्रायमर आणि रंग लावा. रंग उडालेली ही कड गंजायला एक पावसाळा पुरतो.

प्रश्न : जुनी बोलेरो आणि नवी थार. छोटा 2 टनी जॅक आहे. त्यावर लाकडी ठोकळा ठेवून चालेल का, की नवा जॅकच घ्यावा? (कोल्हापूर)

उत्तर : वाटीवर उंच ठोकळा नको. जॅकची टनांची क्षमता वाटीपाशी धरलेली असते. वर 10-15 सेंटिमीटरचा सुटा ठोकळा आला की भार जरासा बाजूला गेला तरी तो कलंडतो, कारण वाटी वर जाताना थोडी फिरते आणि ठोकळा तिच्यात धरून बसलेला नसतो. उंची हवीच असेल तर फळी जॅकच्या खाली घालायची, तीही सबंध जॅक मावेल एवढी आणि जाड लाकडाची.

पण तुमच्या दोन्ही गाड्या चॅसिसवाल्या आहेत आणि मागे सलग अ‍ॅक्सल आहे, त्यामुळे मागच्या चाकासाठी तुमचं काम सोपं आहे. जॅक चॅसिसला न लावता अ‍ॅक्सलच्या नळीला, चाकाच्या जितक्या जवळ जाता येईल तितक्या जवळ लावा. चॅसिस उचलली तर आधी अख्खं सस्पेन्शन लोंबणार आणि मग चाक सुटणार. अ‍ॅक्सल उचलला तर स्प्रिंग जसाच्या तसा राहतो, फक्त टायरचा दबलेला भाग मोकळा व्हायचा बाकी असतो, म्हणून 60-80 मिमीत चाक हवेत येतं. नळीची उंची जॅकच्या मापात बसत असेल तर छोट्या जॅकलाही हे झेपतं. ब्रेकची पाइप अ‍ॅक्सलवरूनच गेलेली असते, ती वाटीखाली चिरडू नये एवढं बघा. मधल्या गोल डिफरन्शियलला जॅक लावू नका; तिथून उचलल्यावर गाडी डावी-उजवीकडे झुलते, आणि झाकणाचा पत्रा दबला की ऑइल गळायला लागतं.

पुढच्या चाकाला मात्र जॅक चॅसिसलाच लावावा लागेल. तिथे 330 मिमी पुरणार नाहीत. वारंवार काम करणार असाल तर 3 टनाचा, 500 मिमीपर्यंत जाणारा जॅक घ्या. वर्षातून एकदाच करणार असाल तर 4-5 टनाचा बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा जॅक) स्वस्त पडतो. तो 180-200 मिमीपासून सुरू होत असल्याने हॅचबॅकखाली जात नाही, पण थारच्या चॅसिसखाली आरामात उभा राहतो. त्याचं बूड छोटं असतं, म्हणून कठीण सपाट जागा आणि फक्त चाक बदलण्यापुरता वापर.

प्रश्न : चार वर्षं वापरलेला जॅक आता गाडी उचलतो, पण पाच मिनिटांत हळूहळू खाली बसतो. कधी दांडा मारला तरी स्पंजासारखा लागतो. गॅरेजवाला म्हणतो फेकून द्या. घरी दुरुस्त होतो का? (चिपळूण)

उत्तर : स्पंजासारखा लागणं आणि खाली बसणं हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला जवळजवळ फुकटात बरा होतो.

दांडा दबतो पण गाडी नीट वर येत नाही, किंवा जॅक पूर्ण उंची गाठत नाही, याचा अर्थ ऑइलमध्ये हवा शिरली आहे किंवा ऑइल कमी झालं आहे. जॅक आडवा-उभा ठेवून गाडीतून नेला की असं होतं. कुरिअरने आलेल्या नव्याकोऱ्या जॅकचंही हेच दुखणं असतं, आणि लोक तो लगेच परत पाठवतात. हवा अशी काढा : जॅकवर भार नको, हात पूर्ण खाली. दांडा घड्याळाच्या उलट दिशेने दोन आटे फिरवून रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली सोडणारी झडप) उघडा आणि दांडा दहा-पंधरा वेळा भराभर खाली-वर मारा. व्हॉल्व्ह बंद करून बिनभाराचा जॅक पूर्ण वर न्या, परत खाली आणा. दोन-तीन फेऱ्यांत दांडा घट्ट लागायला हवा.

ऑइलची पातळी बघताना बहुतेकांची एकच चूक होते. हात पूर्ण खाली असताना, म्हणजे दट्ट्या सिलिंडरच्या आत असतानाच झाकण उघडायचं. वरचा पत्रा काढला की सिलिंडरवर रबराचं बूच किंवा स्क्रू दिसतो. ऑइल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. जॅक वर असताना भरलं तर खाली येताना दट्ट्यामागचं ऑइल परत टाकीत येतं, टाकीत जागा नसते, आणि बूच उडतं किंवा सील बाहेर ढकललं जातं. ऑइल 32 नंबरचं हायड्रॉलिक, ऑइलच्या कुठल्याही दुकानात मिळतं. जॅकच्या कागदावर दुसरा नंबर असेल तर तो. एका लिटरची बाटली घरच्या जॅकला पुरून उरते. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका. जॅकची सील साधारणपणे नायट्राइल रबराची असतात, ब्रेक ऑइलने ती फुगतात आणि मऊ पडतात. जॅक महिनाभर चालल्यासारखा वाटतो आणि मग एकदम जातो. इंजिन ऑइल तेवढं घातक नाही, पण जाड असतं आणि थंडीत जॅक सुस्त पडतो.

आता खाली बसण्याबद्दल. पहिला संशय रिलीज व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकलेल्या कचऱ्यावर. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून बऱ्याचदा दांडा मारला तर तो कधीकधी वाहून जातो. नाही गेला तर सगळं जुनं ऑइल काढून नवं भरा. दुधट झालेलं ऑइल म्हणजे आत पाणी शिरलं आहे. कोकणात हे जास्त दिसतं. एवढं करूनही बसत असेल तर दट्ट्याकडे बघा. जॅक वर नेऊन चकचकीत दट्ट्या कापडाने पुसा आणि नख फिरवा. नखाला खड्डे लागले, तर गंजाने क्रोम खाल्लं आहे. तिथे नवं सील टाकून उपयोग नाही, तोच दट्ट्या नवं सीलही कापणार. तेव्हा गॅरेजवाल्याचं ऐका. दट्ट्या गुळगुळीत असेल तर जुनी सील आणि वायसर काढून हायड्रॉलिक सीलच्या दुकानात घेऊन जा, आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी जुळवून मिळतात. रिलीज व्हॉल्व्ह पूर्ण खोलताना खाली एक छोटी पोलादी गोळी असते, ती ट्रेमध्ये पडू द्या, नाहीतर संध्याकाळ ती शोधण्यात जाईल.

सिलिंडरच्या बाजूला सीलबंद किंवा रंगाने झाकलेला एखादा स्क्रू दिसेल. तो ओव्हरलोड व्हॉल्व्ह. जॅकवर क्षमतेबाहेर भार आला तर तो ऑइल परत सोडतो. ‘ताकद वाढते’ म्हणून तो आवळण्याचा सल्ला मिळतो, पाळू नका.

यापुढे जॅक नेहमी पूर्ण खाली करून ठेवा, म्हणजे दट्ट्या ऑइलमध्ये राहतो. चाकांच्या आसांना आणि हाताच्या बिजागरीला पावसाळ्याआधी ग्रीस.

प्रश्न : ऑइल बदलायला गाडीखाली जायचं आहे. जॅक स्टँडची (उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी आधारांची) जोडी घेतली. पण कडेची जागा जॅकनेच अडवलेली असते, मग स्टँड कुठे ठेवायचा? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हा प्रश्न जॅक घेण्याआधी पडायला हवा, कारण जॅकची लांबी त्यावर ठरते.

सरळ मार्ग असा : जॅक पुढच्या मधल्या क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) लावायचा, दोन्ही चाकं एकदम उचलायची आणि दोन्ही बाजूंच्या कडांखाली स्टँड सरकवायचे. मालकाच्या मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मधली जागा चित्रात दाखवलेली असते. दाखवली नसेल तर अंदाजाने ठरवू नका. इंजिनचं चेंबर, गिअरबॉक्सचं कवच, रेडिएटरचा खालचा आधार, सायलेन्सरची पाइप आणि गाडीचा सपाट तळ यांना जॅक कधीच लावायचा नाही. मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी तुळई) असेल तर कंपनीने दाखवल्याशिवाय तिच्या मध्यावरूनही उचलू नका.

क्रॉसमेंबर बंपरपासून बराच आत, कधी पाऊण मीटरवर असतो. छोट्या जॅकचा सगळा सांगाडाच 45-50 सेंटिमीटरचा. तो अख्खा गाडीखाली जातो आणि दांडा बंपरला आपटतो. लांब सांगाड्याचा जॅक लागतो तो इथे.

मधून उचलता येत नसेल तर कडेवर जॅक लावा आणि स्टँड त्याच बाजूच्या सबफ्रेमच्या (इंजिन आणि सस्पेन्शन धरणाऱ्या सांगाड्याच्या) जाड भागाखाली, कंपनीने आधाराची जागा म्हणून दाखवली असेल तिथे ठेवा. एक बाजू टेकली की दुसरी. एका बाजूला एकदम पूर्ण उंची देऊ नका, आधी स्टँडचा खालचा दात, मग दुसरी बाजू, मग वरचा दात.

स्टँडचीही खालची उंची बघा. 3 टनी स्टँडची जोडी साधारण 280 मिमीपासून सुरू होते. गाडी त्याच्याही वर उचलली तरच स्टँड आत जाणार. छोट्या जॅकने क्रेटा जेमतेम तिथे पोचते.

गाडी स्टँडवर उतरवताना दांडा एकदम फिरवू नका, पाव आटा फिरवला तरी पुरे. काही स्वस्त जॅकमध्ये दांडा काढून त्याच्या टोकाने व्हॉल्व्हचा खिळा फिरवावा लागतो; तिथे हाताला अंदाज येत नाही आणि गाडी धप्पकन उतरते. दुकानात जॅक बघताना हे हमखास तपासा : दांडा खोचलेला असतानाच फिरवून हात सावकाश खाली येतो का. स्टँडवर गाडी आली की चारही पाय जमिनीला टेकले आहेत ना ते बघा, पिन असेल तर घाला, मग बंपरला दोन्ही हातांनी जोरात हलवा. हलताना पडणारी गाडी तुम्ही बाहेर असतानाच पडू द्या. जॅक काढून न घेता नुसता टेकवून ठेवा, आणि काढलेलं चाक असेल तर ते कडेखाली आडवं सरकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही; एक सील फाटायला क्षण लागतो.

वर्षातून एकदा फक्त ऑइलच बदलायचं असेल, तर जॅक आणि स्टँडच्या खटाटोपापेक्षा लोखंडी रॅम्पची जोडी बरी. गाडी वर चढवा, हँडब्रेक, मागे पाचर. ड्रेन नट उघडा, ऑइल जाऊ द्या, नवं वायसर घालून नट बसवा, नवं ऑइल भरा आणि डिपस्टिक मात्र गाडी खाली सपाटीवर आणून, इंजिन जरा चालवून-थांबवून मगच बघा.

प्रश्न : इथे सेकंडहँड सिव्हिक आहे. दुकानात 3 टनी लो-प्रोफाइल जॅक आणि स्टँड स्वस्तात आहेत. भारतातल्या सल्ल्यापेक्षा इथे काय वेगळं बघावं? (न्यू जर्सी)

उत्तर : तीन गोष्टी. एक, तिथला टन 2,000 पौंडांचा, म्हणजे 907 किलोचा असतो. 3 टनी जॅक म्हणजे 2,722 किलो. सिव्हिकला भरपूर आहे, तुलना करताना लक्षात असू द्या. दोन, भारतातल्या गाड्या उंच असतात म्हणून इथे वरची उंची नडते. तुमच्याकडे सेडानचा बंपर खाली असतो, म्हणून खालची उंची नडते. 75 ते 100 मिमीपासून सुरू होणारा जॅक घ्या, म्हणजे पुढून आत जाईल. तीन, स्टँड. 2020 साली हार्बर फ्रेट या तिथल्या हत्यारांच्या दुकानसाखळीने पिट्सबर्ग नावाखालचे 3 टनी आणि 6 टनी स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले. खाचांचे दात आणि त्यात बसणारी खिट्टी नीट गुंतत नसल्याने स्टँड भाराखाली अचानक खाली येण्याचा धोका होता. त्याच वर्षी बदली म्हणून दिलेल्या काही 3 टनी स्टँडच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला. गराज सेलमध्ये असे जुने स्टँड स्वस्तात मिळतात, तेव्हा खालच्या लेबलवरचा आयटम नंबर परत मागवलेल्यांच्या यादीशी ताडून बघा. खिट्टीखेरीज आडवी पिनही असलेला स्टँड जास्त बरा.

कडेसाठी रबर शोधत असाल तर आइस हॉकीचा पक (खेळातली रबराची चकती), 3 इंच व्यासाचा आणि 1 इंच जाडीचा, करवतीने मध्ये खाच पाडून चांगला चालतो.

प्रश्न : नेक्सॉन ईव्हीला साधा ट्रॉली जॅक चालतो का? आणि सीएनजी गाडीला काही वेगळं? (नागपूर, जळगाव)

उत्तर : ईव्हीला जॅक तोच, जागा मात्र काटेकोर. बॅटरीची पेटी दोन्ही कडांच्या मधल्या तळाला लागून असते. वाटी किंवा रबर मोठा असेल आणि तो आतल्या बाजूला पेटीवर चढला, तर पेटीचा पत्रा दबू शकतो. कंपनीने दाखवलेली कडेवरचीच जागा, आणि खाच असलेला छोटा रबर. मधून उचलणं नाही. गाडी पेट्रोलच्या नेक्सॉनपेक्षा चांगलीच जड असते, पण 2 टनाच्या आतच भागतं.

सीएनजीची टाकी मागे असल्याने मागचा भार वाढतो, मागचं चाक उचलताना डिकी रिकामी करा. टाकीच्या कंसाला किंवा गॅसच्या पाइपला जॅक टेकता कामा नये.

प्रश्न : सिगारेट लायटरवर चालणारा 12 व्होल्टचा इलेक्ट्रिक जॅक कसा? (ठाणे)

उत्तर : वाकता येत नाही त्यांना पंक्चरपुरता बरा. बूड छोटं, वेग कमी, आणि जड गाडी उचलताना सॉकेटचा फ्यूज उडतो. सरळ बॅटरीला चिमटे लावायची सोय असलेला घ्या. देखभालीच्या कामाला नको.

प्रश्न : गाडीबरोबर आलेला स्क्रू जॅक आहेच. फक्त पंक्चरच काढायचं तर ट्रॉली जॅक घ्यायचाच का? (सांगली)

उत्तर : नाही. स्क्रू जॅक गाडीच्या कडेच्या मापाचाच बनवलेला असतो आणि डिकीत त्याची जागाही ठरलेली असते. त्याच्या आट्यांना ग्रीस लावा, एकदा घरी चाक काढून-लावून बघा, जागा आणि टॉमी सापडते का ते तपासा. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे, हवेत नाही. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने, आणि शेवटचं आवळणं गाडी खाली आल्यावर. टॉर्क पाना असेल तर आकडा मॅन्युअलमधून घ्या; बहुतेक हॅचबॅकना तो 85 ते 120 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. वाचलेल्या पैशात हवा भरायचा पंप आणि चाकाची एक पाचर येते, ती घ्या.